बाबांचं कीर्तन डिस्कवर घेताना

या आठवड्याचं पत्र चिपळूणहून आलं आहे. थोडं कमी करून देतो:

"सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका. माझे वडील कीर्तनकार होते. त्यांच्या कीर्तनांच्या, माझ्या लग्नाच्या आणि मुलाच्या मुंजीच्या मिळून ११ व्हिडिओ कॅसेट आमच्याकडे आहेत. त्यातली एक बहिणीनं अमेरिकेहून पाठवलेली. २०२१ च्या पुरात खालच्या घरातलं सगळं गेलं, या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. २००७ साली दिरांनी दुबईहून डीव्हीडी रेकॉर्डर आणला होता. त्यात १६० जीबीची हार्ड डिस्क आहे आणि खोक्यावर '२८४ तास' असं छापलंय. शेजाऱ्यांचा व्हीसीआर अजून चालतो. दिवाळीत मुलानं दोन कॅसेट भरून डिस्क केल्या. त्या आमच्या रेकॉर्डरवर दिसतात, पण नणंदेच्या प्लेअरवर आणि मुलाच्या कॉम्प्युटरवर कोऱ्या निघतात. शिवाय कीर्तनात बाबांचे हात हलले की चित्राचे चौकोन चौकोन होतात. विकत घेतलेली नाटकाची कॅसेट तर रेकॉर्डच होत नाही. माहितीपुस्तक जाडजूड आणि इंग्रजीत. एक्सपी, एसपी, व्हीआर, फायनलाइझ यांतलं आम्हाला नेमकं काय लागतं? की सगळं दुकानात देऊन मोकळी होऊ?"

ताई, नमस्कार.

पहिल्यांदा त्या दोन डिस्क हातात घ्या. त्या बहुतेक वाया गेलेल्या नाहीत. रेकॉर्डर डिस्कवर लिहीत जातो तेव्हा कुठला भाग कुठे आहे याची नोंद तो स्वतःला कळेल अशा पद्धतीनं ठेवतो. दुसरा प्लेअर ठरलेल्या जागी अनुक्रमणिका शोधतो, ती तिथे नसते, म्हणून तो डिस्क कोरी ठरवतो. वही लिहून झाली पण बांधणी राहिली, असा प्रकार आहे. ही बांधणी म्हणजे फायनलाइझ. डिस्क तुमच्याच रेकॉर्डरमध्ये घाला, मेनूत 'डिस्क सेटअप' किंवा 'डिस्क मॅनेजमेंट' असं काहीतरी असेल तिथे जा, 'फायनलाइझ' निवडा आणि थांबा. काही मिनिटं लागतात, कधी पाव तासही जातो. एकदा फायनलाइझ केलेल्या डीव्हीडी-आरवर, म्हणजे एकदाच लिहायच्या डिस्कवर, पुढे काही भरता येत नाही, त्यामुळे तो कार्यक्रम पूर्ण झाला आहे ना, एवढं आधी बघून घ्या.

हे काम त्याच रेकॉर्डरवर व्हायला हवं. दुसऱ्या कंपनीचं यंत्र दुसऱ्याची अर्धी राहिलेली डिस्क बऱ्याचदा ओळखतच नाही. मी वीस वर्षं लग्नांचं शूटिंग केलं. रेकॉर्डर बिघडला म्हणून भंगारात गेला आणि मग फायनलाइझ न केलेल्या डिस्कांचा गठ्ठा घेऊन माणसं माझ्याकडे आली, असं किती वेळा झालं. म्हणून सांगतो, बाकी काही करण्याआधी आज संध्याकाळी हे करा. आणि फायनलाइझ चालू असताना वीज गेली तर डिस्क हातची जाते. तुमच्याकडच्या पावसात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा रेकॉर्डर इन्व्हर्टरवर असू द्या.

आता चौकोनांचं. यासाठी ते '२८४ तास' समजून घ्यायला हवेत, कारण गोंधळाचं मूळ त्या आकड्यात आहे.

एका साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं. ही जागा तुम्ही एका तासाला वापरायची की आठ तासांना पुरवायची, हे मोड ठरवतो. एक्सपीवर एका डिस्कवर १ तास बसतो, एसपीवर २, एलपीवर ४ आणि ईपीवर ६ किंवा ८. हाच हिशोब हार्ड डिस्कला लावा. १६० जीबीत एक्सपीचे साधारण ३४ तास होतात, एसपीचे ६८ आणि ईपीचे पावणेतीनशेच्या पुढे. खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा छापतात, आणि तो सगळ्यात वाईट चित्राचा असतो. मुलानं दिवाळीत 'भरपूर मावतंय' म्हणून ईपी किंवा एलपी लावला असणार.

मोड बदलला की नेमकं काय होतं ते सांगतो, म्हणजे पुन्हा ती चूक होणार नाही. आपल्या पद्धतीच्या चित्रात सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे स्थिर चित्रं, असतात. रेकॉर्डर त्या पंचवीसच्या पंचवीस पूर्ण लिहीत नाही. अधूनमधून एक चौकट पूर्ण लिहितो आणि मधल्या चौकटींत फक्त काय बदललं तेवढं टिपतो. बाबा शांत उभे राहून निरूपण करत असतील तर बदल थोडा, त्यामुळे थोड्या जागेत भागतं. पण अभंगाला रंग चढला, चिपळ्या वाजू लागल्या, उपरण्याचं टोक उडालं की प्रत्येक चौकटीत कितीतरी बदलतं. ईपीमध्ये ते लिहायला जागाच नसते. मग यंत्र त्या भागाचे ठोकळे करून वेळ मारून नेतं. तुम्हाला दिसतात ते चौकोन हेच.

बरेच जण म्हणतात, व्हीएचएसचं, म्हणजे या कॅसेटचं, चित्र मुळातच मळकं, त्याला कशाला उंची मोड? हे उलटं आहे. कॅसेटच्या चित्रात बारीक रवा सतत वळवळत असतो. यंत्राला तो रवा आणि बाबांच्या बोटांची हालचाल यांतला फरक कळत नाही, दोन्ही त्याच्या लेखी बदलच. त्यामुळे जुन्या, खरखरीत कॅसेटला स्वच्छ चित्राइतकी, कधी जास्तच जागा लागते.

२००६ साली मी माझ्या आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाची कॅसेट आठ तासांच्या मोडवर उतरवली. एका डिस्कवर सगळं बसलं याचा आनंद होता. डिस्क झाली म्हणून ती कॅसेट घरात दुसऱ्या कशासाठी तरी वापरली गेली. आज ती डिस्क लावली की औक्षणाच्या ताटात निरांजनं दिसत नाहीत, पिवळे चौकोन सरकताना दिसतात, आणि त्यांच्या मागे आत्याचा चेहरा. तो चेहरा नीट बघण्याचा आता काहीच मार्ग उरलेला नाही. तुमच्या कॅसेट अजून आहेत, ताई, म्हणून तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. दिवाळीत भरलेल्या त्या दोन्ही कॅसेट पुन्हा घ्या.

सगळ्या एसपीवर घ्या. त्यातलं बाबांचं सर्वांत रंगलेलं कीर्तन जे असेल ते एक्सपीवर. काही रेकॉर्डरांवर एक्सपीला आवाज न दाबता भरण्याची सोय असते, 'एलपीसीएम' या नावानं. कीर्तनाला ती जरूर लावा. एफआर नावाचा आणखी एक मोड असेल. त्यात तुम्ही वेळ सांगायची, समजा सव्वादोन तास, आणि यंत्र तेवढा वेळ एका डिस्कवर बसेल अशी जागा वाटून घेतं. दोन तासांहून जरा मोठ्या कार्यक्रमाला तो चांगला. तीन तासांच्या कॅसेटला मात्र सरळ दोन डिस्क करा. अकराच्या अकरा कॅसेट प्रत्येकी तीन तासांच्या धरल्या तरी ३३ तास होतात, म्हणजे तुमच्या हार्ड डिस्कवर जागेची चणचण कुठल्याच मोडला नाही.

ही हार्ड डिस्क तुमच्या यंत्राचा सर्वांत उपयोगी भाग आहे, पण ती ओसरी समजा. पाहुणा तिथे टेकतो, मुक्काम आत करतो. कॅसेट आधी हार्ड डिस्कवर उतरवायची. तिथे सुरुवातीचा निळा पडदा, मधली मुंग्यांसारखी खरखर, कॅमेरा चालू ठेवून कुणीतरी जमिनीचं शूटिंग केलेली मिनिटं हे सगळं कापायचं. चुकलं तर कॅसेटवरून पुन्हा घेता येतं. मग ते डिस्कवर 'हाय स्पीड' पद्धतीनं उतरवायचं. यात भरलेलं जसंच्या तसं नकललं जातं, दर्जा तसूभर घटत नाही आणि दोन तासांचा कार्यक्रम थोड्या मिनिटांत होतो. पण उतरवताना मोड बदललात, समजा हार्ड डिस्कवर एक्सपी आणि डिस्कवर एलपी, तर यंत्र चित्र नव्यानं दाबतं, पूर्ण वेळ घेतं आणि दर्जाही खातं. काही यंत्रांत हाय स्पीडसाठीचं सेटिंग रेकॉर्डिंग सुरू करण्याआधीच 'ऑन' करावं लागतं. मेनूत ते एकदा शोधून ठेवा.

हार्ड डिस्कवर कायमचं काही ठेवू नका, कारण तिच्यावरची मांडणी कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीची असते. उद्या रेकॉर्डर बंद पडला तर ती काढून कॉम्प्युटरला जोडली तरी सहजासहजी वाचता येत नाही.

कापाकापीबरोबर एक काम हौसेनं करा. रेकॉर्डर दर पाच-दहा मिनिटांनी आपणहून खूण टाकतो, तिला चॅप्टर म्हणतात. कीर्तनाला ती घड्याळी वाटणी शोभत नाही. ती बंद करा आणि हातानं खुणा टाका: नमनाला एक, पूर्वरंगाला एक, मध्ये बुक्का लावून हार घालतात तिथे एक, आख्यान सुरू होतं तिथे उत्तररंगाची, आणि शेवटच्या आरतीला. बटण दाबलं की थेट आख्यानावर जाता येईल. नातवंडांना तीन तास कोण बसवणार? पण वीस मिनिटांचं आख्यान ती बघतील.

व्हीआर मोड तुम्हाला नको. त्यात डिस्कवरच कापाकापी करता येते हे खरं, पण तशी डिस्क कित्येक प्लेअर वाचत नाहीत. तुमच्याकडे हार्ड डिस्क असल्यानं ती सोय आधीच मिळालेली आहे. डिस्क घेताना डीव्हीडी-आर घ्या आणि 'व्हिडिओ' मोडवर भरा. आर म्हणजे एकदाच लिहायची. आरडब्ल्यू पुसता येते, ती सरावासाठी एखादी असू द्या. नावातले प्लस आणि मायनस (डीव्हीडी+आर, डीव्हीडी-आर) ही दोन कंपूंची जुनी चढाओढ होती. तुमच्या यंत्राच्या पुढच्या झाकणावर कुठली चिन्हं आहेत ती बघायची, एवढंच आता तिचं महत्त्व. डीव्हीडी-रॅम हार्ड डिस्कसारखी वागते, पण दुसरीकडे लागणं कठीण. ती सोडून द्या.

टायमर, चॅनेल शोधणं, चालू कार्यक्रम मागे नेऊन पाहणं ही माहितीपुस्तकातली सगळी पानं उलटून टाका. रेकॉर्डरमधला ट्यूनर जुन्या ॲनालॉग केबलसाठीचा आहे. मुंबईत ती केबल ३१ ऑक्टोबर २०१२ ला बंद व्हायला लागली, पुणे-नाशकाला त्यानंतरच्या मार्चअखेरीस मुदत होती, मग गावोगावी सेट टॉप बॉक्स आले. तो विषय संपला. एचडीएमआयमधून चित्र मोठं करून दाखवण्याची सोयही पाहण्यापुरती. कॅसेटवर जे नाही ते त्यातून येत नाही.

मुख्य काळजी कॅसेटची. कोकणातल्या दमट हवेत, पुराच्या घरात, तीस-पस्तीस वर्षं काढलेली टेप तशीच व्हीसीआरमध्ये ढकलू नका. कॅसेट उजेडाकडे धरा आणि खिडकीतून रिळाच्या कडेला बघा. काळ्या टेपवर पिठी भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. कॅसेटच्या बाजूला एक बारीक बटण असतं, ते दाबलं की पुढची झडप उचलता येते. आतल्या टेपवर टॉर्च मारून बघा, पण बोट लावू नका. बुरशी असलेली कॅसेट वेगळ्या पिशवीत काढून ठेवा आणि ती तेवढी जाणत्या माणसाकडे द्या. तशीच लावलीत तर बुरशी शेजाऱ्यांच्या व्हीसीआरच्या टेप वाचणाऱ्या हेडला लागेल आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाईल. नवा व्हीसीआर मिळणं दुरापास्त आहे. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीनं, जपानच्या फुनाईनं, २०१६ च्या जुलैअखेर उत्पादन थांबवलं. शेजाऱ्यांचा व्हीसीआर हा आता मौल्यवान ऐवज आहे, तसाच जपा.

ज्या कॅसेट स्वच्छ आहेत त्यांच्या पाठीवर, डाव्या टोकाला, प्लास्टिकची एक छोटी खुंटी असते. ती स्क्रूड्रायव्हरनं मोडून टाका. खुंटी नसली की त्या कॅसेटवर चुकूनसुद्धा रेकॉर्ड होत नाही. मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. वर्षानुवर्षं एकाच ताणात गुंडाळलेली टेप सैल होते आणि चित्र कमी हलतं.

जोडणी सोपी आहे. व्हीसीआरच्या 'आउट'मधून रेकॉर्डरच्या 'इन'मध्ये तीन वायर जातात. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाच्या. जुन्या व्हीसीआरला लाल भोक नसलं तर घाबरू नका, त्याचा आवाज एकपदरी आहे, पांढरी पुरे. रेकॉर्डरवर 'एल१' किंवा 'एव्ही१' असं इनपुट निवडा. समोर डीव्ही लिहिलेलं चौकोनी भोक डिजिटल कॅमेऱ्यासाठी असतं, आपल्याला त्याचं काम नाही. चित्राच्या तळाशी किंवा वरच्या कडेला खरखरीचा पट्टा आला तर व्हीसीआरचं 'ट्रॅकिंग' हळूहळू फिरवा आणि पट्टा निघाल्यावरच रेकॉर्डिंग सुरू करा. पहिली पाच मिनिटं भरून ती बघा, आवाज ऐका, मग पूर्ण कॅसेट लावा. तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात, त्याला जवळचा रस्ता नाही. रविवारी एक असा नेम धरलात तर पावसाळ्याआधी आटोपेल.

अमेरिकेच्या कॅसेटला यातून वगळा. तिकडची पद्धत एनटीएससी, आपली पाल. चित्राच्या ओळी वेगळ्या, चौकटींचा वेगही वेगळा. इथले काही व्हीसीआर ती कॅसेट टीव्हीवर दाखवतात, पण तेव्हा ते मधलंच काहीतरी बाहेर पाठवतात आणि रेकॉर्डर अडखळतो. दोन्ही पद्धती एका डिस्कवर चालतही नाहीत. ही एक कॅसेट आणि बुरशीच्या असतील तेवढ्या, यांच्यासाठी दुकानाचे पैसे मोजा. देताना 'ईपीवर नको, आणि कॅसेट परत हवी' हे पावतीवर लिहून घ्या. बाकीचं काम घरीच करा. बाबांचं कुठलं कीर्तन कुठल्या देवळातलं, मागे टाळ धरून कोण उभं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. दुकानदाराला ती फक्त तीन तासांची एक कॅसेट.

नाटकाची विकतची कॅसेट रेकॉर्ड होत नाही, त्यात तुमची किंवा यंत्राची काही चूक नाही. विक्रीच्या कॅसेटमध्ये नक्कल रोखणारा संकेत भरलेला असतो. रेकॉर्डर तो ओळखतो आणि थांबतो.

डिस्क झाली म्हणजे काम संपलं असं मात्र समजू नका. घरी भरलेल्या डिस्कवर लेसरनं रंगाच्या पातळ थरात लिहिलेलं असतं. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो थर बिघडतो, आणि सगळ्या डिस्क सारख्या टिकत नाहीत. फायनलाइझ झालेली डिस्क मुलाच्या कॉम्प्युटरमध्ये घालायला सांगा. आत 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर असेल, त्यात जास्तीत जास्त एक-एक जीबीचे तुकडे. तो फोल्डर अख्खा, काही न बदलता, पोर्टेबल हार्ड डिस्कवर उतरवायचा. व्हॉट्सॲपवर पाठवायला लहान फाइल हवी तर ती त्यातून वेगळी करा, मूळ फोल्डर तसाच राहू द्या. आणि अशा हार्ड डिस्क दोन हव्यात. एक चिपळूणला, दुसरी मुलाकडे किंवा बहिणीकडे, दुसऱ्या गावात. २२ जुलै २०२१ ला पाणी कुठवर चढलं होतं ते तुम्ही पाहिलं आहे, त्यामुळे याची कारणं मी तुम्हाला सांगायला नकोत.

एवढं सगळं झालं तरी कॅसेट टाकू नका. पूर्ण मागे फिरवून, पुस्तकांसारख्या उभ्या, कोरड्या कपाटात ठेवा, माळ्यावर पत्र्याच्या तापात नकोत. आणि एक करा. प्रत्येक कॅसेटच्या लेबलाचा फोनवर फोटो काढा आणि तो त्या कीर्तनाच्या फोल्डरमध्ये टाका. त्यावर बाबांनी स्वतःच्या हातानं आख्यानाचं नाव आणि तिथी लिहिली असेल, आणि शाई उडत चालली असेल.